टेबलाच्या पायात हात

खरं सांगतो, हे लिहिणारच नव्हतो. टेबलात हात अडकला, ही काय गोष्ट झाली? दोन ओळींत संपते. पण ज्याला ज्याला सांगितली तो आधी पोट धरून हसला आणि मग हसणं थांबवून म्हणाला, "बरं, मग पुढे?" म्हणून बसलो टाइप करत. जमेल तसं.

तर बारक्या.

अंगाने काटकुळा, म्हणून बारक्या. ऑफिसांच्या मीटिंग रूममध्ये व्हिडिओ कॉलचं सामान बसवायचं हे त्याचं काम. भिंतीवर हा एवढा स्क्रीन, त्याच्या खाली कॅमेरा, छताला माइक आणि या सगळ्याच्या वायरी टेबलाच्या पोटातून जमिनीत. काम कुठे शिकला? कुठेच नाही. उघडत गेला, जोडत गेला, शॉक खात गेला.

धंदा भावजींचा. भावजी म्हणजे त्याच्या ताईचा नवरा. बारक्या राहायलाही ताईकडेच, हॉलमधल्या सोफ्यावर. कुठे नोकरी लागत नव्हती तेव्हा ताईच म्हणाली, "ये इकडे, यांच्या हाताखाली शीक." आला. शिकला. आणि मग राहिलाच.

भावजी वाईट नाहीत हं. बारक्याचे बूट फाटले की न सांगता नवे आणतात. ताप आला तर स्वतः रिक्षात घालून डॉक्टरकडे नेतात. कामाला लागला त्या दिवशी त्याच्या मनगटात स्टीलच्या पट्ट्याचं जाडजूड घड्याळ घातलं आणि म्हणाले, "आता तू आमचा माणूस." पट्टा जरा सैलच होता. "अंग धरशील तेव्हा बसेल," म्हणाले. अंग काही धरलं नाही. घड्याळ मनगटावर बांगडीसारखं खालीवर करत राहिलं.

अडचण एकच. बाहेरच्या कामगाराला सुट्टी असते, घरच्या माणसाला नसते. बारक्याने सुट्टी मागितली की भावजींना खरंच नवल वाटायचं.

"सुट्टी? कुणापासून?"

यावर काय बोलणार? बारक्या गप्प बसायचा. गप्प बसण्यात तो चांगलाच तयार झाला होता.

त्याचा जोडीदार भोंग्या. कामावरचा आणि जिवाचाही. भोंग्याचा आवाज असा की माइक लावायची गरजच नाही. शेजारच्या खोलीत कुजबुजला तरी या खोलीतल्या कपबशा ऐकतील. दोघांची कामाची पद्धत ठरलेली. एक जण मुख्य ऑफिसात, दुसरा शाखेत, आणि मध्ये लाइन. टेस्टिंग करताना बाकीची मंडळी "हॅलो, वन टू थ्री" म्हणतात. हे दोघं गप्पा मारायचे. घरच्या, दारच्या, मनातल्या. भोंग्याचं म्हणणं, खरं बोललं की माइक खरा आवाज पकडतो. शास्त्र वगैरे काही नाही, पण त्यांनी लावलेल्या खोल्यांत आवाज खरंच छान यायचा.

अशाच एका टेस्टिंगमध्ये नाट्यगृहाचा विषय निघाला होता. तिथला बिघडलेला आवाजाचा मिक्सर भोंग्याने मागे दुरुस्त करून दिला होता. तिथल्या मॅनेजर काकांना आता आवाज आणि लाइट सांभाळायला दोन माणसं हवी होती. जोडीच हवी, एकमेकांकडे न बघता एकमेकांचं कळणारी. "चार वाजेपर्यंत दोघं येऊन समोर उभे राहा," काकांनी कळवलं होतं. "नाहीतर दुसरे तयार आहेत."

ते चार म्हणजे आजचेच.

दुपारी मुख्य ऑफिसच्या मीटिंग रूममध्ये बारक्या एकेका खुर्चीत बसत होता. कॅमेरा असा होता की बोलणाऱ्याकडे आपोआप वळतो. त्यासाठी प्रत्येक खुर्चीची त्याला ओळख करून द्यावी लागते. बारक्या बसायचा, बोलायचा, कॅमेरा वळायचा, की पुढची खुर्ची. स्क्रीनवर शाखेतला भोंग्या, तोंडात बिस्किट.

"भावजींना सांगितलंस का?" भोंग्याने विचारलं.

"सांगतो."

"ताईला?"

"सांगतो रे."

"बारक्या, तू या 'सांगतो'वरच म्हातारा होणार. मीटिंग दोनला सुरू, तीनला संपली. साडेतीनला तू खाली, मी खाली. चारला काकांसमोर. ठरलं ना?"

"ठरलं."

"कॅमेऱ्यात बघून बोल."

बारक्याने कॅमेऱ्यात बघितलं. "ठरलं म्हटलं ना!"

तेवढ्यात भोंग्या मध्येच गोठला. तोंड उघडं, बिस्किट अर्ध्यावर. मग स्क्रीन निळा. लाइन गेली.

बारक्याला कारण लगेच कळलं. त्या टेबलाला मधोमध एक जाड पोकळ पाय होता. सगळ्या वायरी त्यातून खाली जायच्या आणि आत हातभर अंतरावर सॉकेट होतं. नेटच्या वायरीच्या जॅकला एक बारीक प्लास्टिकची जीभ असते, खटकन बसणारी. ती मोडली होती. जॅक बसायचा, पण धरायचा नाही, आपोआप निसटायचा. नवा जॅक बसवायला त्याचं पक्कडीसारखं हत्यार लागतं. ते त्यांच्याकडे एकच. आणि ते होतं पिशवीत, पिशवी भोंग्याजवळ, शाखेत, शहराच्या दुसऱ्या टोकाला.

दोन वाजायला आले होते. बारक्या टेबलाखाली शिरला, पायाला वायरीसाठी ठेवलेल्या भोकातून उजवा हात आत घातला, चाचपडत जॅक पकडला आणि सॉकेटमध्ये दाबला. वरून भोंग्याचा आवाज आला, "आलास! अरे कुठे गेलास? मला नुसत्या खुर्च्या दिसतायत."

बारक्याने हात मागे घेतला. हात आला नाही.

आत हात घालायच्या आधी घड्याळ, कडं, अंगठी काढायची, हा त्यांच्या धंद्यातला पहिला धडा. भोंग्याला तो धडा बारक्यानेच दिलेला. पण घड्याळ इतकं रोजचं झालं होतं की ते अंगावर आहे हेच तो विसरला होता. सैल पट्टा आतल्या पत्र्याच्या कोपऱ्यात जाऊन बसला होता. पुढे जाईना, मागे येईना. पट्टा सोडायची खटकी मनगटाच्या आतल्या बाजूला, आणि डावा हात आत जायला जागाच नाही.

ओढलं. पत्रा कातडीत घुसला. आणि जॅकवरचं बोट जरा ढिलं झालं तशी वरती भोंग्याची "बारक्याआआ" अशी चिरकी तार निघाली आणि तुटली. बोट दाबलं, भोंग्या परत जिवंत.

दार उघडलं. बूट आले.

आधी भावजींचे, चकचकीत केलेले. मग बाकीचे. भावजी गुडघ्यावर बसले, खाली वाकले. कपाळावर घाम, चेहऱ्यावर वरच्या लोकांसाठीचं हसू तसंच राहिलेलं.

"काय करतोस?" ते कुजबुजले.

"हात अडकलाय."

"लाइन?"

"लाइन चालू आहे. जॅक तुटलाय. बोटाने धरलाय."

भावजींनी एक श्वास घेतला. बारक्याला वाटलं, आता म्हणतील, थांब, साहेबांना सांगतो, आधी तुझा हात काढू.

"मग धरून ठेव," भावजी म्हणाले.

"भावजी, मला साडेतीनला—"

"आज हे काम पसंत पडलं तर यांच्या सगळ्या शाखा आपल्याकडे. तासाभराचा प्रश्न आहे. हलू नकोस." आणि त्यांनी बारक्याचा खांदा थोपटला. प्रेमाने थोपटला, त्याचंच वाईट वाटतं.

वरून मोठ्या साहेबांचा आवाज आला. "खाली कोण आहे?"

"आमचा मुलगा, साहेब. शेवटचं चेकिंग. तो खालीच बरा!"

सगळे हसले. खुर्च्या सरकल्या. आणि मग, कसं कोण जाणे, सगळे त्याला विसरले.

टेबलाखालून माणसं वेगळीच दिसतात. वरती कोण किती मोठा ते खाली कळत नाही. एकाचा गुडघा शिलाई मशीनसारखा चालू होता. एकाच्या मोज्याला भोक, अंगठा बाहेर बघतोय. हिरव्या चपलांवाल्या एका बाईंनी चपला हळूच काढल्या आणि एका पायाने दुसरा पाय चोळत बसल्या. बारक्याने नजर वळवली. वळवून वळवून कुठे वळवणार? डाव्या कुशीवर पडलेला, गाल गालिच्याला, उजवा हात खांद्यापर्यंत वर. गालिच्याला नव्या रबराचा वास. नाकाच्या शेंड्यावर खाज आणि डावा हात अंगाखाली दबून मुंग्यांनी भरलेला.

आणि वर चर्चा कशावर? शाखा इकडे हलवायची, तर गाड्या कुठे लावायच्या. शाखावाल्यांना सावलीतली जागा हवी. इकडचे म्हणतात, सावली आमची, आधीपासूनची. तासभर सावली. बारक्याचं बोट आधी दुखलं, मग बधिर झालं, मग ते त्याचं राहिलंच नाही. जॅकचाच एक भाग झालं. त्याच्या मनात आलं, आपणही सामानच आहोत. भिंतीवर स्क्रीन, छताला माइक, टेबलाखाली बारक्या.

खिशात फोन थरथरला. थांबला. परत थरथरला. कोण ते बघायची गरज नव्हती.

थोड्या वेळाने स्पीकरमधून शाखेच्या साहेबांच्या बोलण्यात घुसून भोंग्याचाच आवाज आला. "माफ करा हं, हेड ऑफिस, टेस्टिंगवाला बोलतोय. इकडे साडेतीन झाले. तिकडचा माणूस मोकळा झाला का?"

"कोण माणूस?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"झाला, झाला," भावजी घाईने म्हणाले. "इकडे सगळे मोकळेच आहेत."

टेबलाखाली बारक्याने ओठ चावला. ओरडावंसं वाटलं. पण काय ओरडणार? की भावजी खोटं बोलतायत? ताईच्या नवऱ्याला चार लोकांत खाली पाडायचं आणि रात्री तिच्याच हातचं जेवायचं? तो गप्प बसला. सवयीने.

सावली एकदाची वाटून झाली. साहेब खूश झाले.

"चित्र मात्र काचेसारखं आहे हां," ते भावजींना म्हणाले. "एकदाही अडकलं नाही. पण तुम्ही लोक बसवून जाता आणि दुसऱ्या दिवशी बंद पडतं. मला या खोलीत एक माणूस हवा. रोज. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. मीटिंग असो नसो. असं जमत असेल तर सगळ्या शाखा तुमच्या."

"त्यात काय, साहेब!" भावजींचा आवाज एकदम फुलला. "आमचा मेहुणा आहे ना. घरचाच पोरगा. तो बसेल इथे. कायमचा बसेल."

"त्याची हरकत नाही ना?"

"त्याची कसली हरकत? त्याला कुठे जायचंय?"

एवढं सहज. जशी उशी इकडून उचलून तिकडे ठेवावी.  बारक्याला ही खोली दिसली. खिडकी नसलेली, दार आपोआप बंद होणारी, रबराच्या वासाची. रोज. घरी सोफा, इथे ही खोली. मध्ये रिक्षा, तीही भावजींबरोबर.

"मला जायचंय," तो म्हणाला.

मोठ्याने नाही. पण छताचा माइक त्याने स्वतः लावलेला, आणि चांगला लावलेला.

कॅमेरा घर्र करून वळला. आवाज कुठून आला ते त्याने शोधलं. टेबलाखाली बघायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून सगळ्यात जवळची खुर्ची पकडली. ती होती रिकामी. शाखेतल्या लोकांना पूर्ण स्क्रीनभर एक रिकामी खुर्ची दिसली आणि ती म्हणत होती, मला जायचंय.

"हे... कोण बोललं?" शाखेतून कुणीतरी विचारलं.

"इको आहे, साहेब," भावजी म्हणाले. "नव्या खोलीत येतो."

"इको नाही," खुर्ची म्हणाली. "मी आहे. मला चार वाजता जायचंय. आणि मी इथे बसणार नाही. उद्याही नाही."

शाखेतून एक हास्य फुटलं, भोंग्याचं, स्पीकर फाटेल असं. बाकी कुणी हसलं नाही. हिरव्या चपलांवाल्या बाई खाली वाकल्या. बारक्याचा चेहरा बघून त्यांनी आधी चपला घातल्या.

"अहो, याचा हात अडकलाय! रक्त आलंय!"

मग सगळेच वाकले. टेबलाखाली चेहरेच चेहरे.

"काढ की मग हात," मोठे साहेब म्हणाले.

"जॅक धरलाय, साहेब. सोडला तर लाइन जाईल."

साहेब थबकले. वर स्क्रीनकडे बघितलं, खाली बारक्याकडे. माणूस सभ्य होता, त्याला लाज वाटत होती. पण तरी म्हणालाच. "मग... पाच मिनिटं धरतोस का? एकच मुद्दा राहिलाय."

बारक्याने भावजींकडे बघितलं. भावजींनी नुसती मान हलवली, अगदी बारीक. धर म्हणून.

बारक्याने बोट उचललं.

 शाखा गेली, भोंग्या गेला, स्क्रीन निळा. सगळ्यांचे चेहरे निळे. मग त्याने दोन्ही पाय टेबलाच्या पायाला लावले आणि जीव खाऊन ओढलं. पट्ट्याची एक कडी कट्ट करून तुटली. हात बाहेर आला, मनगटाभोवती लाल कडं उठलेला. घड्याळ आत खणखणत खाली गेलं, कुठेतरी तळाशी जाऊन थांबलं.

"मी काढून देतो," भावजी अभावितपणे म्हणाले आणि भोकाकडे हात नेला. मग त्यांचं त्यांनाच काय वाटलं कोण जाणे. हात मागे घेतला.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून गेले होते.

लिफ्टमध्ये दोघंच. भावजी आरशात बघत उभे. बारक्या मनगट धरून. लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत होती, कुणी आत येत नव्हतं, दार परत बंद होत होतं.

"आधी सांगायचं होतंस," भावजी शेवटी म्हणाले.

"सांगितलं असतं तर काय म्हणाला असतात?"

भावजींनी विचार केला. त्यांचा एक गुण आहे, विचारलं तर खरं सांगतात.

"म्हणालो असतो, कुठे जायचंय तुला?"

बारक्याला हसूच आलं. भावजींना आलं नाही. तळमजल्यावर दार उघडलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "ताईला मी काही सांगणार नाही. तुझं तू बघ." आणि रिक्षा न थांबवता चालत निघून गेले. हे रागाने की लाजेने, ते बारक्याला आजही कळलेलं नाही.

तो पायरीवर बसला आणि फोन लावला. डाव्या हाताने. उजवा अजून जॅक धरल्यासारखाच वाकलेला होता.

"कुठे आहेस?" त्याने विचारलं.

"नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी. लाइन गेली, माझं काम संपलं. शाखेपासून दोन गल्ल्या, पळत आलो." भोंग्या धापा टाकत होता. "काका कुलूप लावत होते. दुसरी जोडी येऊन गेलीय म्हणे."

बारक्याने डोळे मिटले. "मग झालं तर."

"थांब ना, ऐक! अजून त्यांना हो म्हटलेलं नाही. मी म्हटलं, आमचा दुसरा टेबलात अडकलाय. काकांनी माझ्याकडे बघितलं, म्हणाले, एवढं खोटं कुणाला सुचणार नाही, म्हणजे खरंच असेल. उद्या सकाळी तालमीच्या आधी दोघं या. एकटा आलास तर आल्या पावली परत जा."

बारक्याने समोर बघितलं. रस्त्यावर गाड्या होत्या, माणसं होती, ऊन होतं. त्याला एकदम घराची आठवण झाली. ताई आता दार उघडेल. हात बघेल. हळद लावेल. आणि विचारेल, काय झालं रे? तिथेच खरी अडचण होती. टेबल त्यामानाने सोपं होतं.

"गप्प का झालास?" भोंग्या म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता. "बारक्या, मला माहितीय काय होणार. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं की तू विरघळणार. भावजी उद्या नवं घड्याळ आणणार. आणि मी तिथे दारात एकटा उभा."

"तसं नाही होणार."

"कशावरून?"

"ऐक. आज ताईला मीच सांगतो. हळद लावून झाली की लगेच, ती हात धरून बसलेली असतानाच सांगतो. रडली तर रडू दे, मीही रडेन. पण सांगितल्याशिवाय त्या सोफ्यावर पाठ टेकणार नाही. आणि सकाळी तू येशील तेव्हा त्या दारात मी आधीच उभा असेन. शब्द देतो."

"बारक्या, आता घड्याळ नाहीये तुझ्याकडे."

"म्हणून तर लवकर येईन," बारक्या म्हणाला. "तू फक्त जॅकचं हत्यार घेऊन ये."